सातव्या भागाचे ओठ

मराठी विनोदाचा इतिहास आता आपल्या बेंबळी गावापासून नव्यानं लिहावा लागणार, असं निवृत्त मास्तर मुनवरभाई शेख यांनी चौकातल्या हॉटेलात जाहीर केलं होतं. सहा भागांत त्यांची मालिका बंद पडली आणि इतिहास होता तिथंच राहिला.

मालिका मूळची परदेशी. कार्टून, पण मोठ्या माणसांसाठी; भांडणं, शिव्या, चावटपणा सगळं त्यात. पुण्याच्या कंपनीनं चित्रातल्या बायकांना लुगडी नेसवली, ओठांची हालचाल मात्र परदेशीच ठेवली. त्या ओठांवर बसतील असे मराठी शब्द शोधायचे आणि आपणच बोलायचे, हे मुनवरभाईंचं काम. ओठ मिटले की प, ब, म. तोंड वासलं की आ.

मूळ मालिकेत एक कजाग घरमालकीण होती. मुनवरभाईंनी तिची गिरणीवाली केली. शब्दांसाठी लांब जावं लागलं नाही. भिंतीपलीकडंच मथुराबाईची पिठाची गिरणी होती. पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून ती दिवसभर बोलायची. तिचा दमा, मेलेला नवरा, पडलेला वरचा दात आणि त्यातून निसटणारी शीळ, सगळं त्यांनी वहीत उतरवलं आणि हुबेहूब तिच्या आवाजात म्हटलं. गावानं पहिल्याच भागात ओळखलं. दळण घेऊन येणारी माणसं तिची वाक्यं तिलाच म्हणून दाखवू लागली.

एकदा ती दारात आली. भुवयांवर पीठ.

"मुनवरभाऊ, माझं बोलणं तेवढं मला परत द्या."

"मालिका बंद पडली की देतो," ते हसून म्हणाले.

महिन्याभरात पडली. दिलेला शब्द मुनवरभाई विसरले. मथुराबाई मात्र त्यानंतर कुणाशी बोललीच नाही. जाडं की बारीक, तेही बोटांनीच विचारायची. गेल्या श्रावणात ती वारली आणि गिरणीला कुलूप लागलं.

या उन्हाळ्यात कंपनीच्या कुलदीपचा फोन आला. अर्धवट राहिलेला सातवा भाग काढायचाय. चालला तर मालिका पुन्हा सुरू. दोन वर्षांत मुनवरभाईंचा आवाज कुणी मागितला नव्हता. त्यांनी तीनदा मिठाच्या गुळण्या केल्या.

भर दुपारी लॅपटॉप उघडून बसले. गिरणीवाली समोर आली. ओठ हलले, आणि मुनवरभाई थबकले. शब्द शोधावेच लागले नाहीत. ओठ मिटले, उघडले, गोल झाले. मुनवरभाऊ.

वरचा एक दात नव्हता. मूळ घरमालकिणीला बत्तीस होते. त्यांनी कामाचा भाग म्हणून मोजले होते.

कुलदीपला फोन लावून गिरणीवालीच्या दाताचं विचारलं. तो म्हणाला, "सर, या भागात ती बाई नाहीच. गावाला गेलीय, असं तुम्हीच लिहिलंय."

फोन ठेवला. लॅपटॉपवर पांढरा थर बसला होता. बोटानं पुसला. गरम पिठाचा वास आला.

ती पडद्यावर उभी होती. दारात उभी राहिली होती तशीच.

पुन्हा ओठ हलले. सवयीनं मुनवरभाईंचेही हलले. माझं बोलणं तेवढं—

आवाज आला. दमेकरी, शीळ घालणारा. तो पडद्यातून आला.

त्यांच्या गळ्यातून नुसती हवा आली.

पुन्हा प्रयत्न केला. हवाच.

तिनं पदरानं तोंड पुसलं, पदर खोचला आणि ती चित्राच्या उजव्या कडेनं निघून गेली.

उजवीकडं भिंत होती. भिंतीपलीकडं पट्टा फिरू लागला.

ज्वारीचा डबा घेऊन गुलबानो, त्यांची बायको, आतून आली.

"ऐकलंत का, गिरणी सुरू झाली. कुणी घेतली वाटतं. लई बरं झालं, वर्षभर पार वेशीपलीकडं जावं लागत होतं. एवढं दळण टाकून या."

मुनवरभाईंनी दोन्ही हात हलवले.

"जी कुणी असंल तिला म्हणावं, भाकरीचं हाय, बारीक काढ. आन् तोंडानं सांगा बरं, नुसत्या खुणा नका करू."