न केलेल्या चोरीचा माफीनामा

परिचारिका वहिनींसमोरच्या खुर्चीत बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आवाज मात्र ठाम होता.

"पोलिसांच्या नोंदीत माझं नाव, माझी जन्मतारीख, माझा जुना पत्ता आहे. सहा वर्षांपूर्वी एका कापडदुकानात चोरी, गुन्हा कबूल, दंड भरला. कशाची चोरी, तेही लिहिलेलं नाही. रुग्णालयाचे अधीक्षक म्हणतात, माफीनामा द्या, नोकरी देतो."

"मग द्या की," भावोजी म्हणाले. "कटकट मिटेल."

"न केलेल्या चोरीची माफी मी मागणार नाही."

वहिनी खासगी तपासाची कामं घेत आणि त्यांचे दीर, हे भावोजी, सोबतीला असत. वहिनींनी भावोजींकडे नुसतं पाहिलं आणि परिचारिकेला विचारलं,

"तुमची जन्मतारीख आणि पत्ता तेव्हा तोंडपाठ कोणाला होता?"

"खोलीतली मैत्रीण आणि माझी धाकटी बहीण. त्यांना यात ओढू नका, बाई."

"ओढत नाही. भेटते."

वहिनी आणि भावोजी आधी त्या दुकानदाराकडे गेले. त्याला सगळं आठवत होतं.

"लोकरीचा स्वेटर होता. सगळ्यात वरच्या फळीवर. मला तिथं स्टूल लागतं. तिनं नुसता हात वर केला आणि काढला. पकडल्यावर रडली, नाव-पत्ता सांगितला. ओळखपत्र कोणी मागितलंच नाही."

मैत्रीण आता शिवणकाम करत होती. वरचा तागा आकडीच्या काठीनं खाली ओढत ती म्हणाली, "मी हजार गोष्टींवरून तिच्याशी भांडलेय. पण ती चोर नाही."

"आणि संशय तुमच्यावर आला तर?"

"येऊ दे. मी आणि माझी कात्री इथंच आहोत."

धाकटी बहीण शाळेत शिकवत होती. चहासाठी तिनं माळ्यावरचा साखरेचा डबा उभ्याउभ्याच खाली घेतला.

"ताईला समजवा हो. एका स्वेटरपायी चांगली नोकरी घालवतेय. सही करून मोकळी हो म्हणावं."

वहिनींनी शांतपणे चहा संपवला.

"शिंपिणीचंच काम," वाटेत भावोजी म्हणाले. "कपड्यांचा सोस दिसतो."

"उद्या दोघी बहिणींना घरी बोलवा, भावोजी."

दुसऱ्या दिवशी दोघी समोरासमोर बसल्या.

"चोर उंच होती," वहिनी म्हणाल्या. "दुकानदाराला जिथं स्टूल लागतं तिथं तिचा हात पोचला. म्हणजे तुम्ही नव्हे. तुमचे पाय माझ्या खुर्चीतून खाली पोचत नाहीत. शिंपीणही नव्हे, तिला स्वतःच्याच दुकानात काठी लागते. राहिली तुमची बहीण. माळ्यावरचा डबा तिच्या हाताशी असतो."

"उंच बायका पुष्कळ असतात," धाकटी म्हणाली.

"असतात. पण त्यांना तुमच्या ताईची जन्मतारीख माहीत नसते. आणि चोरी स्वेटरची होती हे काल तुम्ही बोललात. नोंदीत ते नाही, तुमच्या ताईला ठाऊक नाही, आम्हीही सांगितलं नव्हतं."

भावोजींचा चष्मा नाकावर घसरला तो तसाच राहिला.

धाकटीनं मान खाली घातली. "शाळेची मुलाखत तोंडावर होती. पोलीस म्हणाले, नाव सांग. माझं नाव तोंडातून निघेना. तुझं निघालं, ताई."

परिचारिका खुर्चीवरून खाली उतरली. मग म्हणाली, "चल, नोंद दुरुस्त करायला."

"माझी शाळा जाईल."

"जाईल कदाचित. माझी नोकरी जात होती तेव्हा तू मला सही करायला सांगत होतीस."

नोंदींच्या कार्यालयातला अधिकारी म्हणाला, जुनं प्रकरण आहे, महिन्यानं या. परिचारिकेनं खुर्ची पुढे ओढली. "दुकानदार ओळख पटवायला बाहेर उभा आहे. माझी बहीण इथं आहे, जबाब द्यायला. तुम्ही लिहून घेईपर्यंत मी उठत नाही."

अधिकाऱ्यानं वहिनींकडे पाहिलं. वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यानं पेन उचललं.

काही दिवसांनी परिचारिकेच्या नावावर गुन्हा नसल्याचा दाखला तिच्या हातात पडला तेव्हा धाकटी जिन्यात उभी होती.

"ताई, बोलणार नाहीस माझ्याशी?"

"बोलेन," ती म्हणाली. "पण आज नाही." आणि कामावर रुजू व्हायला निघून गेली.