मोहाखालची नववी इनिंग

दिव्यानीने झाडाखाली तिसऱ्यांदा खराटा फिरवला, तेव्हा मागून कुणीतरी खाकरलं.

"मॅडम... कोणासाठी झाडून राह्यल्या?"

तिने वळून पाहिलं. एक उंच, सावळा तरुण उभा होता. त्याच्याही हातात खराटा होता. तो रागावलाय की हसू दाबतोय, ते मात्र कळत नव्हतं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "उद्या पहाटे साडेपाचला मला इथे बसायचंय. का भाऊ, काही हरकत?"

"हरकत म्हंजे..." त्याने डोकं खाजवलं. "तुम्ही आत्ताच आमच्या मायचं झाड घेऊन टाकलं."

दिव्यानीला काही कळेना. मग त्याने सांगितलं. मोह फुलायला आला की गावातलं एकेक घर आपापल्या झाडाखालचा पालापाचोळा झाडून काढतं. ज्याने जागा झाडली, झाड त्या वर्षी त्याचं. खाली पडलेलं फूल दुसरा कुणी उचलत नाही. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण जाता-येता सगळं गाव ते पाहतं आणि समजतं. आणि दिव्यानीने तर काचपट्टी पुसावी तशी चार मीटरची जागा लख्ख करून ठेवली होती!

तिचे कान तापले. ती होती मूळची वरोऱ्याची. तिकडे कापूस आणि सोयाबीन, मोहाचं तिला काय ठाऊक? धानोऱ्याच्या पलीकडच्या या गावात, आरोग्य केंद्रात रक्त तपासायला येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते.

"मला झाड नको हो," ती घाईघाईने म्हणाली. "मला फक्त नेटवर्क हवंय. गावातल्या तेवीस जागा मी तपासल्या. मोबाइलच्या दोन काड्या फक्त इथेच येतात."

"तेवीस?"

तिने वही उघडून दाखवली. गावाचा नकाशा, त्यावर आकडे. पुढच्या पानावर वेळापत्रक: एकशे बासष्ट सामने, प्रत्येकासमोर भारतातली वेळ, आणि पहाटेच्या नव्वद सामन्यांना लाल गोल.

"बेसबॉल," ती म्हणाली. "उद्या नवा हंगाम सुरू होतोय. अमेरिकेत संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे पहाट. शाळेत मी सॉफ्टबॉल खेळायचे. आता नुसती बघते. पण बघायलाही तयारी लागते."

त्याने पान शेवटपर्यंत वाचलं. अगदी सावकाश.

"एवढं बारीक तं आमचा तलाठीबी लिवत नाई," तो म्हणाला. आता मात्र तो खरंच हसला. "असं करू... नेटवर्क तुमचं, फुलं आमची. पन फुलावर बसाचं नाई."

"कबूल, भाऊ."

"आन् भाऊ नका म्हणू."

"मग?"

"लालसू." तो झाडाकडे बघत म्हणाला. "भाऊ म्हनाले गावात लय जन हायेत."

*

पहाटे अजून नीट उजाडलं नव्हतं, आणि सगळीकडे तो वास होता. गोड, जड, थोडासा आंबूस. फिकट पिवळी, रसाळ फुलं टप... टप... पडत होती. दिव्यानीने फोन मुळाला टेकवून ठेवला आणि चटईवर मांडी घातली. लालसू टोपली घेऊन वाकला होता.

पहिल्याच इनिंगला ती ओरडली. लालसूच्या हातची मूठभर फुलं सांडली.

"काय झालं?"

"धाव झाली! तिन्ही बेस ओलांडून तो घरी आला."

"घरी म्हंजे?"

"जिथून निघाला तिथे."

लालसूने सांडलेली फुलं परत गोळा केली. "एवढं पळून घरीच याचं असन, तं निघावं काऊन?"

ती इतकी हसली की पुढचे दोन चेंडू तिला दिसलेच नाहीत.

मग रोजचंच झालं ते. तो फुलं वेचायचा, ती सामना बघायची आणि मोकळ्या हाताने चटईभोवतीची फुलं त्याच्या टोपलीत टाकायची. एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. टोपली भरली की तो तिच्याशेजारी बसायचा, पण फोनकडे पाठ करून. नजर नाल्याकडे.

"तुम्ही बघत का नाही?"

"मी तिकडं पाहून राह्यलो. अस्वलाले मोह लय आवडते. अंधारात नाल्यातूनच येते ते."

"म्हणजे तुम्ही... राखण करताय?"

"फुलाची," तो चटकन म्हणाला.

"आणि मॅच?"

"तुम्ही सांगा नं." तो हळूच म्हणाला, "तुमच्या तोंडून बरी वाटते."

तेव्हापासून ती सांगू लागली. चेंडू टाकणारा पिचर टोपी कशी सारखी करतो, बॅटर मातीत पाय कसा रोवतो, प्रेक्षक कसे श्वास रोखतात... लालसू नाल्याकडे बघत ऐकायचा. आठवड्याभरात तो न बघताच म्हणू लागला, "आता हा वाकडा टाकन." बहुतेक वेळा बरोबर असायचं.

ज्या पहाटे सामना नसायचा, त्या पहाटेही ती यायची.

"आज तं लाल गोल नाई," तो म्हणायचा.

"सवय मोडू नये म्हणून."

"हं... सवय." आणि तो टोपली दोघांच्या मधे ठेवायचा.

दिव्यानीला मोजायची खोड होती. पाच मिनिटांत किती फुलं पडतात, ते ती स्कोअरच्या बाजूला लिहायची. एकसष्ट. अठ्ठावन्न. चव्वेचाळीस. मग एकोणीस. मग सात. उतरती रेघ कुठे जाऊन टेकणार, हे सांगायला विज्ञानाची पदवी लागत नव्हती. तिचा हंगाम सहा महिन्यांचा होता, त्याचा जेमतेम वीस दिवसांचा. आणि फूल नाही, तर लालसूने यायचं कशासाठी?

विसाव्या दिवशी तिने लिहिलं: शून्य.

लालसूने रिकामी टोपली काखेत घेतली. "झाला मोह, मॅडम. उद्यापासून..." तो थांबला. वाट बघत असल्यासारखा.

काहीतरी म्हणायला हवं होतं. तिला ते माहीतही होतं.

"बरं," ती म्हणाली.

दिवसभर ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. एकेक काचपट्टी तिने दोनदा तपासली. तो 'बरं' काही केल्या डोक्यातून जाईना.

*

दुसऱ्या दिवशी सामना रंगला तो असा! नववी, म्हणजे शेवटची इनिंग, बरोबरी, तिन्ही बेसवर माणसं, आणि तिच्या टीमचा बॅटर उभा. दिव्यानी चटईवर पुढे सरकली.

"आता बघा हं," ती मोठ्याने म्हणाली, "हा पहिला चेंडू सोडणार, आणि—"

शेजारी कुणी नव्हतं. फांद्यांवर मोहाची नवी तांबूस पालवी हलत होती, बस्स. पडद्यावर हजारो लोक उभे राहून ओरडत होते, आणि ते सांगायला जवळ माणूस नव्हतं.

तिने फोनकडे पाहिलं. शेवटचा चेंडू पडायच्या आधी ती आयुष्यात कधी उठली नव्हती.

ती उठली.

लालसूच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. तो बसून ती परतत होता. ओसरीवर त्याची माय सोमारीबाई सूप घेऊन पाखडत होती. दिव्यानीला धापा टाकत येताना पाहून तो ताडकन उभा राहिला.

"काय झालं? अस्वल?"

"नाही."

"मॅच संपली?"

"नाही. नववी चालू आहे. बरोबरी. तिन्ही बेस भरलेत."

तो बघतच राहिला. वीस पहाटा ऐकून-ऐकून त्याला एवढं नक्की कळलं होतं, की अशा वेळी कुणी उठत नाही.

"मंग... इथी काऊन आल्या?"

"काल 'बरं' म्हटलं ते चुकीचं होतं," ती एका दमात म्हणाली. "मला म्हणायचं होतं, उद्या पण या. फुलं नसली तरी. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला मॅच... बघितल्यासारखीच वाटत नाही. मॅचच काय, काहीच."

सोमारीबाईचं सूप थांबलं होतं.

लालसूने हात धोतराला... नव्हे, घाईत मायच्या वाळत घातलेल्या लुगड्याला पुसले. कानापर्यंत लाजला होता.

"पहाटच्या किती राह्यल्या?"

"सत्त्याहत्तर."

"आन् आजची?"

"आजची तुमच्यापायी गेली."

"मोह सरल्यावर मोहाखाली बसनाऱ्याले गाव येडं म्हनते, दिव्यानी." मॅडम नाही, दिव्यानी. पहिल्यांदाच.

"म्हणू दे."

"मी कुठी नाई म्हनतो? सत्त्याहत्तर दिवस येडं म्हनून घीन."

सोमारीबाईने सुपातलं फोलकट फुंकरीने उडवलं. मान वर न करताच तिने विचारलं, "आन् ज्या दिवशी मॅच नाई, त्या दिवशी?"

लालसूने दिव्यानीकडे पाहिलं. वाळत्या फुलांवर कोवळं ऊन आलं होतं.

"त्या दिवशीबी, माय," दिव्यानी म्हणाली.