अपलोडला लावलेला लगाम

"लावा पैज, मामा!" शेजारच्या शिंपीणबाई जिन्यातच आडव्या आल्या. "मनातलं आधी बोलणार ती तुमची भाचीच."

"छट्! पोरगाच बोलेल," मी मिशीला पीळ दिला. "हरेल त्यानं गेटवर उभं राहून गाढवासारखं ओरडायचं. सगळ्यांदेखत!"

पोरगा म्हणजे वरच्या मजल्यावरचा नेटवर्कवाला. आठवडाभर आमचं अपलोड गोगलगाय झालेलं आणि हा रोज हजर. राउटर फ्रिजमागून काढून कपाटावर ठेवला, चॅनल बदलला, कालच सेटिंगचा पासवर्डही नवा टाकला. भाची चहा द्यायची, बोटाला बोट लागायचं... की दोघंही राउटरच्या दिव्यांकडे बघत बसायची. इश्श्य!

आज मात्र भाचीचा चेहरा पांढराफटक. रेडिओच्या नोकरीसाठी आवाजाची फाइल सहाच्या आत पाठवायची, आणि फाइल जागची हलेना. मोबाइलला घरात रेंज नाही. पोरगा घामाघूम. शिंपीणबाई पडद्यांची मापं घ्यायच्या निमित्तानं आत घुसलेल्या, तोंडात टाचण्या.

"लाइन तर ठणठणीत आहे," तो पुटपुटला. "मग अडतंय कुठं?"

"सेटिंगमध्ये बघ ना..." भाची कशीबशी म्हणाली. "अपलोडला लिमिट लावलंय."

त्यानं बघितलं. आ वासला. "हे कुणी लावलं?"

"मी."

माझा चहा नाकात गेला. शिंपीणबाईंच्या टाचण्या खळकन जमिनीवर!

"तू? अगं, पण का?"

"नाहीतर तू आला असतास रोज? आज काढणारच होते, पण तू पासवर्ड बदललास... मला तू आवडतोस, मठ्ठा! आता काढ ना ते!"

पोरग्याचे कान लालबुंद. मग हळूच म्हणाला, "काढलं तर... परत बोलावशील?"

"आधी फाइल!"

"आधी उत्तर."

"हो, हो, हो! रोज ये!"

त्यानं बटण दाबलं. फाइल सुळ्ळकन गेली... सहाच्या आत. भाचीनं आमच्यासमोर त्याचा हात धरला, आणि मी, जगाला टोप्या घालणारा मामा, बघतच राहिलो. माझ्याच घरात, माझ्या नाकाखाली!

"चला, गेटवर," शिंपीणबाईंनी माझा दंड धरला.

अख्खी बिल्डिंग जमली. मी डोळे मिटले आणि दिला ठेवून — "हीँ... हाँ... हीँ... हाँ!"

खिडकीतून भावी जावईबापू ओरडले, "मामा, पुन्हा एकदा! रेकॉर्ड करतोय. अपलोड आता झकास आहे!"