यायचं असन तर एक दाबा

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी त्याच्या हातात चार चादरी कोंबल्या आणि म्हटलं, "दोनशे सात. लवकर चला."

त्या दिवशी नवा रूमबॉय येणार होता. अमरावतीला बडनेरा रोडवर आमचं हॉटेल, बत्तीस खोल्यांचं. आणि त्या खोल्या लावायला माझ्यासकट चार माणसं. नोव्हेंबर संपत आला होता, पुढं सगळे लग्नाचे दिवस. मी हाउसकीपिंगची सुपरवायझर. पण सुपरवायझर म्हणजे काय, तर बाकीच्यांपेक्षा दोन खोल्या जास्त. नवा माणूस सकाळी नवाला येणार होता आणि हा बरोबर नवाला जिन्यात उभा होता. उंच, सावळा, इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं, पहिला दिवस म्हणून नटून आला असेल.

तो चादरी सांभाळत माझ्यामागं आला.

"असं नाही," मी म्हटलं. त्यानं चादरीचा कोपरा नुसता गादीखाली खुपसला होता. "आधी हा भाग वर उचला, मग खालचा आत, मग वरचा सोडा. लिफाफा बंद करतो तसं."

"लिफाफा मी कदी बंदच नाई केला."

"मग आजपर्यंत काय केलं?"

"ईमेल," तो म्हणाला.

मी वर पाहिलं. तो गंभीर चेहऱ्यानं कोपरा दुमडत होता... आणि डोळ्यांत मात्र हसू मावत नव्हतं. तेवढ्यात आमचे मॅनेजर खुशालराव धापा टाकत दारात आले.

"अहो धम्मदीप साहेब, तुमी इथं काहून? मी खाली वाट पाहून राहिलो ना."

कॉम्प्युटरवाला होता तो. मालकांनी बोलावलेला. माणसं मिळत नाहीत, त्यावर मशीनचा काही उपाय होतो का, ते पाहायला. माझे कान तापले. त्यानं मात्र शांतपणे शेवटचा कोपरा आत सारला आणि मला विचारलं, "आता जमलं का?"

"...बरं आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खरा रूमबॉय काही आलाच नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना मला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही. मशीन आलं की माणसं कमी करतात, एवढं मला कळत होतं. मी आत्याकडं राहून नोकरी करायची. आई मूर्तिजापूरजवळच्या गावात एकटी. कापूस वेचायला जायची, पण त्या वर्षी, दोन हजार सतराला, गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली होती आणि वेचायला काही उरलंच नव्हतं. ऐन हंगामात आई घरात बसून. माझी नोकरी गेली असती तर?

दुसऱ्या दिवशी मी त्याला सरळ विचारलं.

"मशीन चादर लावते का?"

"नाई," तो म्हणाला. "चादर लावणं लय अवघड आहे. मले आता माईत आहे."

"चेष्टा नको. किती जण कमी करणार?"

त्याचं हसू गेलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "कमी कोणाले करू? चारच तर आहात. तुमी सांगा, माणसं काहून मिळत नाईत?"

हा प्रश्न मला कोणीच कधी विचारला नव्हता. मग मी सांगितलं. दोन वर्षांत मी नऊ पोरापोरींना शिकवलं. शिकले की पुण्याला जातात. जाताना प्रत्येक जण म्हणतो, सहा महिन्यांत परत येतो. आलं कोणी नाही. आणि तिकडं आमच्या गावात चाळीस बाया रिकाम्या बसल्यात. दिवसभर कापूस वेचणारी बोटं, मिनिटात उशीला अभ्रा घालतील. पण त्यांना कसं कळणार, इथं कोणत्या दिवशी किती जणी लागतात?

"फोन आहेत त्यांच्याकडं?"

"आहेत. बटनाचे. वाचता येत नाही निम्म्यांना."

त्यानं खिशातून आपला फोन काढला. मग म्हणाला, "वाचायची काय गरज? ऐकता येते ना."

अशी ती गोष्ट सुरू झाली. बाईनं एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, नाव नोंदलं जाईल. हॉटेलला माणसं लागली की सगळ्यांना एकदम फोन जाईल, त्यात भरून ठेवलेला आवाज. फक्त तो आवाज कोणाचा?

"तुमचा," तो म्हणाला.

चादरी ठेवायची खोली सगळ्यात शांत, म्हणून तिथं आवाज भरायचं ठरलं. छतापर्यंत धुतलेल्या चादरी, मधे दोन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. त्यानं फोन माझ्या तोंडाशी धरला. मी कागदावरून वाचलं, "आपण इच्छुक असल्यास..."

"आईले असंच सांगता का? आपण इच्छुक असल्यास जेवून घ्या?"

मी हसले. मग कागद बाजूला ठेवला.

"मी माधवी बोलून राहिली, शालूबाईची पोरगी. उद्या अमरावतीच्या हॉटेलात दहा बाया पायजेत. जीप सातले पाराजवळून निघते, सांजच्याले घरी सोडते. यायचं असन तर एक दाबा. नसन यायचं तर दोन."

त्यानं फोनवर बोट दाबलं. मग म्हणाला, "परत एकदा."

मी परत म्हटलं.

"अजून एकदा."

"कुठं चुकून राहिलं?"

"चुकलं नाई," तो म्हणाला, आणि त्याचं लक्ष फोनकडं नव्हतंच. "पयलंच बरोबर होतं."

चादरींना साबणाचा वास येत होता, थोडा उन्हाचा. मला बाहेर जायचं होतं आणि मी घडी घातलेलीच चादर परत घडी घालत होते.

बारा डिसेंबरला बाया पहिल्यांदा येणार होत्या. सोळा-सतराला अकोल्याच्या एका घरचं लग्न, बत्तीसच्या बत्तीस खोल्या भरलेल्या, आणि त्याआधी शिकवायला चार दिवस. चौदा जणींनी एक दाबलं होतं. जीप आठला पोचायला हवी. मी पावणेआठपासून फाटकात. आठ वाजले. सव्वाआठ. खुशालराव दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले.

धम्मदीप मोटरसायकलवरून उतरला. "येतील."

"एक दाबणं वेगळं आणि जीपमधे बसणं वेगळं," मी म्हटलं. "घरून नाही म्हटलं असेल. कोणी काही बोललं असेल, हॉटेलात कायले जाता म्हणून. माझ्या नावावर बोलावलं मी त्यांना. काही झालं तर आईला गावात तोंड..."

"माधवी."

त्यानं पहिल्यांदा नुसतं नाव घेतलं होतं. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. आमच्या दोघांच्या मधे जेमतेम एक वीतभर अंतर असेल, आणि त्या काळजीतसुद्धा मला ते अंतर कळत होतं.

आठ चाळीसला जीप आली. टायर पंक्चर झालं होतं. आतून अकरा बाया उतरल्या, पुढं जाईबाई. पन्नाशीची, काष्ट्याचं लुगडं, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर ऐकू जावा.

"मी एकबी दाबलं अन दोनबी दाबलं," ती मला म्हणाली. "म्हटलं काई राहून जाऊ नये."

धम्मदीपनं माझ्या हातांचे छोटे व्हिडिओ काढले होते. चादरीचा कोपरा, न्हाणीघराची फरशी, टॉवेलची घडी. बाया एकदा पाहायच्या, दुसऱ्यांदा करायच्या. कोपरा तर जाईबाईनं माझ्यापेक्षा नेटका लावला. लग्नाच्या दिवशी दुपारी दोनला बत्तीस खोल्या तयार होत्या. खुशालराव प्रत्येक दार उघडून पाहत होते आणि प्रत्येक वेळी "हं" म्हणत होते.

"तुमचा आवाज दिवसातून तीस वेळा ऐकतो मी," धम्मदीप त्या दिवशी जिन्यात म्हणाला. "मशीन तपासाव लागते ना."

"तीस वेळा तपासावं लागतं?"

"तीनदाच लागते."

मी खाली पाहिलं आणि भराभर पायऱ्या उतरले. पण खाली पोचेपर्यंत काळजीनं गाठलंच. त्याचं काम जानेवारीत संपणार होतं. शिकलेला माणूस. असा माणूस इथं टिकतो कुठं?

सोमवारपासून तो बदलला. यायचा, मशीनशी बसायचा, माझ्याकडं बघायचा नाही. मी जिन्यात दिसले की फोन कानाला. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी मनाशी हजार गोष्टी जुळवल्या: कोणी काही बोललं, त्याच्या घरी मुलगी ठरली, त्याला पुण्याची नोकरी लागली. जाईबाईनं विचारलं, "काहून वं, जेवत नाईस?" मी म्हटलं, डोकं दुखतं.

गुरुवारी दुपारी मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. तो वर आला.

"एक गोष्ट सांगायची आहे. आधीच सांगाले पायजे होती."

माझ्या हातातली ओली चादर तशीच राहिली. ठरली असेल मुलगी, मला वाटलं.

त्यानं फोन पुढं केला. प्रत्येक खोलीत एक कार्ड ठेवलं होतं, पाहुण्यांनी त्या नंबरवर आपलं मत बोलून ठेवायचं. ते निरोप त्याच्या मशीनवर यायचे. हा रविवारचा होता. एका बाईंचा आवाज. त्या पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगच्या प्रमुख होत्या, लग्नाला आल्या होत्या. बायांना ज्या मुलीनं शिकवलं तिच्याशी बोलायचंय, म्हणत होत्या. त्यांच्याकडं शिकवणाऱ्याची जागा आहे. शुक्रवारपर्यंत फोन करायला सांगा.

"उद्या शुक्रवार," मी म्हटलं.

"हो."

"रविवारी आला हा. म्हणजे चार दिवस तुझ्याकडं होता."

"हो."

त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा तू म्हटलं, आणि तेही रागात.

"काहून?"

"तू गेली असतीस," तो म्हणाला. मान खाली. "रोज ठरवत होतो, आज सांगतो. रोज सकाळी तू समोर दिसायची अन्... मले तू आवडतेस, माधवी. लय. म्हणून लपवलं. पण हे काई कारण नाई, ते मले कळते."

किती दिवस मी हेच ऐकायची वाट बघत होते. आणि ते असं आलं.

"तू मला थांब म्हणाला असतास तर मी विचार केला असता," मी म्हटलं. "भांडले असते, रडले असते, काय ते केलं असतं. पण तू विचारलंच नाहीस. माझ्या वाटचं तूच दोन दाबलंस."

मी चादर दोरीवर टाकली आणि खाली आले.

फोन मी त्याच संध्याकाळी केला. बाई अर्धा तास बोलल्या. दोन जानेवारीला हजर व्हा, म्हणाल्या. आईला सांगायला मूर्तिजापूरला गेले. आई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं, तवा उतरवला. "जाय," म्हणाली. मग माझ्याकडं नीट पाहून, "जायाची खुशी हाय, मंग रडून कायले राहिली?" मी सगळं सांगून टाकलं.

आईनं मला जवळ बसवलं. "लपवलं ते वाईट केलं," ती म्हणाली. "पण कोणी पकडलं नाई अन सोता येऊन सांगतलं, ते बी पाह्य."

शेवटचे दिवस कामात गेले. माझ्या जागी जाईबाई. आवाजही तिचाच भरला. बाया त्या आवाजाला घाबरून एकच दाबतात, असं खुशालराव सांगत होते. धम्मदीप आणि मी कामापुरतं बोलत होतो. "मशीन चालू आहे?" "आहे." एवढंच. पण तो रोज संध्याकाळी मी निघेपर्यंत थांबायचा आणि मी रोज दहा मिनिटं उशिरा निघायचे, हे दोघांनाही माहीत होतं.

एक जानेवारीला बडनेरा स्टेशनवर तो आला. मी बोलावलं नव्हतं. गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. आम्ही बाकावर बसलो, मधे माझी बॅग.

"विचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"थांबतेस?"

"नाही."

त्यानं मान हलवली. त्याला उत्तर माहीतच होतं, पण त्यानं विचारलं होतं.

"आणखी विचार," मी म्हटलं.

"तुले मी... म्हणजे माह्याबद्दल तुले..."

"आवडतोस," मी म्हटलं. "राग आहे अजून. पण आवडतोस. दोन्ही आहे."

गाडीची घोषणा झाली. त्यानं बॅग उचलली. मी डब्यात चढले आणि दारातच उभी राहिले.

"मी सहा महिन्यांत परत येते, असं म्हणणार नाही," मी म्हटलं. "सगळे तसंच म्हणाले होते. तू ये. तारीख सांग."

"एकवीसले. रविवार आहे."

"नक्की?"

गाडी हलली. तो दोन पावलं चालला, मग थांबला. गाडी हलताना त्यानं माझा हात एकदा घट्ट धरून सोडला होता. तो हात मी मनमाड येईपर्यंत ओढणीत गुंडाळून बसले होते.

पुण्यात वीस दिवस मी मोजले. नवी माणसं, नवे मजले, सहा लिफ्ट. रोज त्याचा फोन यायचा, आणि रोज मला वाटायचं की आज म्हणेल, काम निघालं, जमत नाही. असं म्हणणं किती सोपं असतं. मी स्वतःला बजावत होते की नाही आला तर रडायचं नाही.

तो वीस तारखेलाच आला. शनिवारी दुपारी, हॉटेलच्या मागच्या फाटकात, रात्रभरच्या प्रवासानं शर्टाची इस्त्री पार गेलेली.

"उद्याचं ठरलं होतं ना?" मी म्हटलं.

"उद्यापर्यंत तू काळजी करत बसली असतीस."

मी त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली.

"अन् सोमवारी मूर्तिजापूरले गेल्तो," तो म्हणाला. "तुह्या आईले भेटाले, लग्नाचं बोलाले. एकटाच."

"काय म्हणाली?"

"आधी जेवू घातलं. मग म्हणे, पोरीनं काय ठरवलं ते तिलेच विचार." तो थांबला. "म्हणून विचाराले आलो."

माझी शिफ्ट सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी "एक" म्हटलं, आणि नऊ मिनिटं उरली.