मावशीचं कडवं

ज्यांनी सरकारी रेडिओवरच्या गाण्यांच्या टेप पुसल्या, त्यांना जाब विचारणारं कुणी नाही. नव्या टेप मिळेनात, म्हणून जुन्यांवरच भाषणं भरली. एका पिढीचा आवाज पुसला आणि संध्याकाळी निवांत घरी गेले. माझा राग उगाच नाही. माझी आई त्या पुसलेल्या जागेत अडकून पडली होती.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. माणसं विसरली, माझं नाव विसरली, उरलं ते एक गाणं. तिच्या तरुणपणी लिंडी शहरातल्या नाचघरात वाजायचं. आमच्या घरी ते तिघं मिळून म्हणत. पहिलं कडवं आई, दुसरं म्वांटुमूमावशी, आणि बाबा ताटलीवर ताल धरत. मी सहा वर्षांची असताना बाबा आणि मावशी एकाच होडीत बसून पलीकडच्या गावी निघाले. होडी सापडली, ती दोघं नाही.

'नारळाखाली चटई टाकली, कॉफी निवली, वाट पाहिली...' आई इथवर म्हणायची आणि थांबायची. मावशी आता उचलेल म्हणून. तोंड उघडं, डोळे दाराकडे. भरवलेली पेज ओठांवरून ओघळायची. मग पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर फार तर महिना. मला ते दुसरं कडवं आठवत नव्हतं; वाटलं, ते मिळालं की ही या अडकण्यातून सुटेल. खाईल.

मी दार-एस-सलामला शिकलेली, शोधायला काय लागतं, असं माझं म्हणणं. कॅसेटची दुकानं पालथी घातली. त्या बँडचा उरलेला एकच माणूस, ढोल वाजवणारा, आता जाळी विणत बसतो. त्यानं गाणं लगेच ओळखलं, म्हणायलाही लागला, आणि नेमका तिथेच थांबला.

"पुढचं?" मी विचारलं.

"पुढचं... कुणीतरी दुसरं म्हणायचं," तो म्हणाला आणि पुन्हा जाळं विणू लागला.

शेवटचा आधार कोंबोकाकांचा. आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर दर शुक्रवारी चार वाजता ते लोकांचे सलाम वाचतात. कार्डावर आपलं नाव, ज्यांना सलाम त्यांची नावं आणि हवं ते गाणं लिहायचं. ज्याचं नाव वाचलं जाईल त्यानं पुढच्या शुक्रवारी उलट सलाम पाठवायचाच. नाही पाठवला तर बाजारात तोंड दाखवायची सोय नाही. काका म्हणाले, कार्ड टाक, कुणाच्या तरी पेटीत सापडेल गाणं.

मी घाईत होते. आईच्या, सौमूच्या नावानं कार्ड भरलं. सलाम कुणाला? गाणं ज्यांचं, त्यांनाच. बाबांचं नाव लिहिलं, बकारी; मावशीचं लिहिलं.

शेजारची सिजाली डोकावून म्हणाली, "अगं शहाणे, ही दोघं उलट सलाम कुठून पाठवणार?"

"टपाल खातं बघून घेईल," मी म्हटलं. ती हसली नाही.

पहिल्या शुक्रवारी काकांनी नावं वाचली. गाणं आपल्याकडे नाही, कुणाकडे असेल तर आणून द्यावं, एवढंच बोलले. आई ऐकत होती. त्या दिवशी ती एकदाही गायली नाही.

दुसऱ्या शुक्रवारी ऊन रणरणत होतं. रेडिओ खिडकीत होता. काका म्हणाले, सौमूबाईंच्या सलामाला उत्तर आलंय, बकारी आणि म्वांटुमू यांच्याकडून. बरोबर कॅसेटही आहे. मी वाटी खाली ठेवून रेडिओचा आवाज वाढवला.

बँड नव्हता. ताटलीवर ताल होता. आणि बाईचा आवाज, बारीक, नाकातून येणारा. 'आम्ही आलो, पायाला रेती... सरक जरा, चटईवर जागा कर...'

आई पूर्ण गाणं गायली. मग तिनं वाटीभर पेज मागून घेतली. स्वतःच्या हातानं खाल्ली. मी रडत होते, हसत होते. खोलीत ओल्या दोरखंडाचा, शेवाळाचा वास कधी भरला, कळलंच नाही. खाऊन झाल्यावर आई हळूच पलंगाच्या कडेला सरकली. भिंतीकडची सगळी जागा मोकळी ठेवून झोपली.

रोज तशीच झोपू लागली. मधे आणलं की पुन्हा सरकायची.

तिसऱ्या शुक्रवारी दुपारी सिजालीला आईजवळ बसवून मी केंद्रावर गेले. कुणीतरी आमची थट्टा करतंय, त्याचं नाव मला हवं होतं. काकांनी कार्ड पुढे केलं. अक्षर बाबांचं. त्यांची एकच वही मी जपून ठेवलीये, त्यातलंच ते डावीकडे कललेलं अक्षर. कार्ड हाताला दमट लागलं. कुणी आणून दिलं, काकांना ठाऊक नव्हतं. दाराच्या फटीतून टाकलेलं मिळालं.

"पण तू एवढी घाबरतेस कशाला?" ते चष्मा पुसत म्हणाले. "तुमच्याकडून उत्तर पोचलंय. आज वाचणारच आहे."

"आम्ही काही पाठवलं नाही, काका..."

त्यांनी आजच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं कार्ड काढलं. सौमूकडून, बकारी आणि म्वांटुमू यांना सलाम. गाण्याच्या रकान्यात गाणं नव्हतं. फक्त लिहिलं होतं, 'येते.' आईचं अक्षर. दोन वर्षांत तिच्या बोटांनी पेन्सिल धरली नव्हती.

मी दाराकडे धावले. बाहेरच्या टेबलाशी कार्डं घेणारी पिली चहा ओतत होती. तिनं मान वर केली.

"आईला गाठायचंय का? आत्ताच गेल्या बघा. बसा म्हटलं, तर म्हणाल्या, नको गं, घरचे बाहेर उन्हात उभे आहेत."