चित्रातली ती मुलगी नाहीच!

"ऊठ, आजीची पेटी उघडायचीय," तेपाएरू म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"आजीला न विचारता?" मेतुआने विचारलं. हा तिचा चुलतभाऊ सुट्टीत तिचं सगळं ऐकायचा, पण आधी शंका काढायचा.

"ती रडतेय. आत्ता काय विचारू?"

रारोटोंगा बेटावरच्या सभागृहात एका परदेशी चित्रकाराच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. सकाळी एका चित्रासमोर आजी थबकली. हिरवट चपटा चेहरा, बशीएवढे डोळे, डोक्यावर फितींनी बांधलेले केसांचे झुपके. "हा माझा भाऊ, तेरेपाई," ती म्हणाली. सोळाव्या वर्षी तेरेपाई मासेमारीला गेला, तो परतलाच नाही. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. चित्राखालची पाटी सांगत होती: 'अनोळखी मुलगी'.

ऑकलंडहून आलेले प्रदर्शनाचे प्रमुख हॅडलीसाहेब चक्क हसले. "आजीबाई, केस बघा, फिती बघा! आणि मागे लाल फुलांत ते एकच निळं फूल, तो तिचा एकटेपणा." शुक्रवारच्या विमानाने चित्र जाणार होतं.

एकटेपणा म्हणे! कुणी विचारलं होतं यांना?

दोघांनी पेटीतून पणजीने शिवलेली गोधडी काढली, डोक्यावर घेतली आणि थेट सभागृहात नेऊन चित्राखाली पसरली. तीच लाल फुलं. डाव्या कोपऱ्यात तेच एक निळं.

"पणजीचं लाल कापड संपलं, म्हणून निळं लावलं," तेपाएरू कडाडली. "आमच्यात मुलग्याचे केस जन्मापासून वाढवतात. मग फितींनी झुपके बांधून, या गोधडीवर बसवून एकेक पाहुणा एकेक झुपका कापतो. याचेही गेल्या वर्षी कापले."

"माझे तेवीस झुपके होते," मेतुआ म्हणाला.

हॅडलीसाहेब कधी गोधडीकडे बघत, कधी चित्राकडे. त्यांचा चेहरा पडला. "चुकलंच माझं. हुशार आहात रे."

"आमचं कौतुक राहू द्या. तुम्ही आजीला हसलात."

संध्याकाळी ते स्वतः आजीच्या दारात आले, चित्र काखेत घेऊन. त्यांनी आजीची माफी मागितली, "हे आता तुमच्याकडेच राहील," म्हणाले, मग कोरी पाटी काढली. "नाव काय लिहू?"

आजीने आधी दोन्ही नातवंडांना जवळ ओढलं. "तुम्ही माझा भाऊ घरी आणलात," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "पाटी कशाला? घरातल्या माणसाला कुणी पाटी लावतं का?"