भरून आलेली इमारत

भूकंपानंतर सगळं शहर तिला पट्टीवाली म्हणायला लागलं. होती ती नगरपालिकेची इंजिनीअर, पण काम पडलं असं: उभ्या राहिलेल्या इमारतींच्या भेगांवर काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना चिकटवायची आणि अधूनमधून येऊन पाहायची. भेग वाढली की काच तडकते, आणि काच तडकली की इमारत पाडायची. तिला गल्लीत शिरताना पाहूनच लोक हातातलं काम टाकून उभे राहायचे.

तिच्या वाट्याला आईची इमारतही आली. "जमेल ना?" मोठ्या साहेबांनी विचारलं. "घर आईचं असलं तरी भिंत ती भिंतच, साहेब," ती तोऱ्यात म्हणाली. जीव मात्र टांगणीला लागला होता. तिसऱ्या मजल्यावर आईच्या दोन खोल्या, आणि जिन्यापासून गच्चीपर्यंत अशी भेग की सरळ हात आत जावा. सगळी बिऱ्हाडं समोरच्या मैदानात तंबूत होती. "पाडलीत तर पाडा," आई म्हणाली, "पण आता दुसऱ्या घरात जीव लावायचं माझं वय नाही." धमकी नव्हती ती. म्हणून तर लेकीला जास्त लागली.

पुढच्या फेरीला जिन्यातली काच फुटलेली दिसली आणि पट्टीवाली पायरीवर बसली. झालं, संपलं सगळं. मग तिने तुकडे हातात घेतले. काच ताणली जाऊन तुटलीच नव्हती. दोन्हीकडून दाबली जाऊन मधोमध चिरडली होती. तिने भेग मोजली. कमी झाली होती.

"उन्हाने भिंत फुगली असेल," मोठे साहेब म्हणाले. तिने ते मुकाट्याने पटवून घेतलं. पण ऊन गेलं, गारठा पडला, तरी भेग आपली मिटतेच आहे! हात जायचा तिथे बोट जाईना, मग साधा कागदही जाईना. कुणी थापी लावली नव्हती, तरी जिन्यात ओल्या चुन्याचा वास यायचा. भिंत हाताला कोमट लागायची. नमुन्यासाठी पाडलेलं भोक दुसऱ्या दिवशी दिसेना, तेव्हा आपलीच जागा चुकली असेल म्हणून तिने तो विषय बंद केला. तिला घर हवं होतं, बाकी काही नको होतं.

मजल्यामजल्यावर वाळूची पोती रचून भार देऊन पाहिला. इमारत तसूभर हलली नाही. दारावरची धोक्याची लाल फुली खरवडून तिने स्वतः हिरवी खूण रंगवली, आणि मैदानात काय जल्लोष झाला म्हणता! तळमजल्यावरच्या न्हाव्याने दुकान उघडून जाहीर केलं, "आज दाढी फुकट, फक्त माझी बडबड ऐकावी लागेल." लांबलांबच्या वस्त्यांतून माणसं इमारत बघायला आली आणि परत जाऊन आपापल्या भिंती बांधायला लागली. शहराच्या अंगात पुन्हा बळ आलं. पट्टीवाली सगळ्यांसमोर घळाघळा रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

बिऱ्हाडं परत राहायला आली आणि आठवड्याभराने अंगणात मेजवानी ठरली. दिव्यांचं बटण आईने दाबायचं, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. संध्याकाळी ती आईला आणायला वर गेली. हाका मारून उत्तर आलं नाही. दार चौकटीत इतकं घट्ट बसलं होतं की खांदा लावावा लागला.

आई नवं लुगडं नेसून आरशासमोर बसली होती. आरशात लेक दिसली तशी म्हणाली, "हा डूल काही केल्या जाईना गं. तू बघ जरा."

तिने आईचा कान उजेडाकडे वळवला.

पाळी गुळगुळीत होती. डुलांच्या वजनाने ओघळून लांबलेलं ते भोक, मांडीवर बसून ती ज्यात करंगळीचं टोक घालायची, त्याचा मागमूस नव्हता.

"आई, ऊठ. आत्ताच्या आत्ता खाली चल."

आई डूल चाचपत राहिली.

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. खिडकीची तावदानं थरथरली.

"आई!" ती किंचाळली.

आई आपल्याच नादात वळली. चेहरा कसा उजळला होता. "बरं झालं बाई, इथे परत आले," ती म्हणाली. "भूकंपाची ती घरघर कानातून जातच नव्हती. सकाळी उठले तर काही म्हणजे काही ऐकू येत नाही."